कोण राहिलं?

बाईंची वही माझ्याकडे आहे. लाल कापडी पाठीची, किराणा दुकानदार उधारीला वापरतात तशी लांबट. उघडली की अजून कापराचा वास येतो. प्रत्येक पानावर हातानं आखलेले पाच रकाने: तिथी, जागा, माणसं, खर्च आणि शेवटी ‘कोण राहिलं’. पहिले चार रकाने कुणीही आखले असते. पाचव्यासाठी मी बाईंची ऋणी आहे. बाईंना जाऊन आता अठरा वर्षं झाली. ते ऋण निदान लिहून तरी काढावं म्हणून आज बसले आहे.

इंदूरच्या रामबागेतला आमचा वाडा सात बिऱ्हाडांचा. पाच मराठी, एक मालवी, एक सिंधी. कुणाचं घर मिलवर चालायचं, कुणाचं कापड मार्केटातल्या गुमास्तेगिरीवर, कुणाचं कारकुनीवर. बाई दरवाज्याजवळच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. मराठी शाळेत आयुष्यभर चौथीपर्यंतचे वर्ग शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं नाव वाड्यात कुणी घेत नसे. माझ्या आजीपासून माझ्या धाकट्या भावापर्यंत सगळ्यांच्या त्या बाईच.

पाडव्याला संध्याकाळी गुढी उतरली की बाई ओट्यावर सतरंजी अंथरायच्या. पोरं पुढे, बायका मागे, पुरुष उभे. गाठीचा एकेक तुकडा हातावर पडला की वही उघडायची आणि पुढच्या पाडव्यापर्यंतच्या सगळ्या सहली त्या एका बैठकीत ठरायच्या. वर्षाच्या दहा. एक महिना परीक्षेचा आणि एक महिना “ज्याला जसा लागेल तसा” म्हणून मोकळा. पाहुणा आला, बाळंतपण निघालं, कुणाचं लग्न ठरलं, तर तो महिना त्याच्या कामी यायचा. “ऐन वेळी निघणाऱ्याला सगळंच महाग पडतं,” असं बाई म्हणायच्या. आणि ते खरंच होतं. आमच्यासारख्या घरांत सहल हा शब्दच कधी उच्चारला जात नसे, कारण तो उच्चारला की लगेच ‘किती लागतील’ हा प्रश्न यायचा आणि त्याचं उत्तर त्या दिवशी कुणाच्या खिशात नसायचं. बाईंनी तो प्रश्न वर्षभरात विखरून टाकला होता.

त्यासाठी खणाची एक नाडीची पिशवी होती. दर शनिवारी दिवेलागणीला ती घरोघर फिरायची. तिचा एकच कायदा. मूठ बंद करून हात आत घालायचा आणि उघडा करून बाहेर काढायचा. कुणी किती टाकले ते कुणी बघायचं नाही. पैसे मोजायचे बाईंनी, महिन्यातून एकदा, सगळ्यांचे मिळून. पिशवी धरायचं काम आम्हा पोरांकडे आळीपाळीनं असे. आपल्या घरासमोर आपणच पिशवी धरून उभं राहायचं आणि आईच्या मुठीकडे बघायचं नाही, हे आम्हाला शिकवलेलं होतं. मी ते शिकले, पण पूर्ण कधीच शिकले नाही. त्याबद्दल पुढे.

बाईंच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगलेली असत. एक आपलं कालनिर्णय, दुसरं जबलपूरचं लाला रामस्वरूप. इंदुरात राहणाऱ्या मराठी माणसाला ही दोन्ही लागतातच. आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एक, वद्य पक्ष लागला की त्यांचा एक घर पुढे. त्यामुळे मालवी भाभींचा श्रावण आमच्याआधी पंधरा दिवस लागायचा आणि राखीला संपायचा, आणि आमचा तिथून पुढे पंधरा दिवस चालायचा. उज्जैनला महाकालाची सवारी दर सोमवारी निघते ती त्यांच्या श्रावणात सुरू होते, पण राखीनंतर त्यांचा भादवा लागला तरी थांबत नाही. शेवटची, सगळ्यांत मोठी शाही सवारी तर तेव्हाच असते. म्हणजे आपल्या श्रावणात. ही शिंद्यांनी ठेवलेली मराठी पंचांगाची खूण, असं बाई सांगायच्या, आणि आम्ही शिप्रेच्या घाटावर पालखीची वाट बघत उभे असताना ते ऐकलं की गर्दीतही आपलं काहीतरी इथं आहे असं वाटायचं.

दोन्ही कॅलेंडरांवर बोट फिरवत बाई जुळवाजुळव करायच्या. कुणाचा कुठला उपास, कुणाची मंगळागौर, मिलचा पगार कोणत्या तारखेला, सिंधी काकांच्या दुकानाची सुटी कधी. पगारानंतरच्या पहिल्या रविवारी लांबची जागा, महिनाअखेरीला जवळची. आणि एका सहलीत खर्च एकच. तिकिटाची जागा असेल तर खाणं घरचं. बाहेर खायचं असेल तर जागा फुकटची. चिडियाघर बघायचं तर दशम्या, लसणीची चटणी आणि परमलमध्ये कालवलेली सेव. परमल म्हणजे आपले कुरमुरे. इंदुरात जन्मलेला मराठी माणूस कुरमुरे म्हणतच नाही. सराफ्याला जायचं तर रामबागेतून पायी जायचं, पायी यायचं आणि दोघांत एक प्लेट. उन्हाळ्यात भुट्ट्याचा कीस नसायचा, तो पावसाळ्यातला. थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, वर तो आंबट-तिखट मसाला. सोन्याचांदीची दुकानं बंद होऊन त्यांच्याच पायऱ्यांवर खाण्याची दुकानं मांडली जातात, ही गोष्ट आम्हाला इतकी नेहमीची होती की बाहेरगावचे पाहुणे रात्री अकराला तिथली गर्दी बघून थक्क होत तेव्हा आम्हीच चकित व्हायचो.

जायच्या आधी यायची गाडी बघायची, हाही बाईंचा एक नियम. सरवटे बसस्टँडवर आधी परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारायची, मग जायची. ते सरवटे कोण, हे बाईंनी पहिल्याच वेळी सांगितलं होतं. तात्या सरवटे, इंदूरचे, घटना समितीत बसलेले. गंगवाल स्टँडवरून धार-मांडू, सरवटेवरून खंडवा रोड. आजही कुणी मला कुठे जायचं म्हटलं की माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो “परत कसं येणार?”

वहीत सगळ्यांत जास्त वेळा आलेली जागा कालाकुंड. वर्षातून एकदा, श्रावणात, मीटरगेजच्या पॅसेंजरनं. आता ती गाडीच राहिली नाही म्हणून सांगते. इंदूरहून निघालेली गाडी राऊ, महू करत पातालपाणीला यायची आणि तिथून घाट उतरायची. पातालपाणी ते कालाकुंड अंतर दहा किलोमीटरच्या आतबाहेर, मध्ये चार बोगदे, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला चोरल नदीची दरी. पातालपाणीला रुळाजवळ तंट्या भिल्लाचं मंदिर आहे. गरिबांचा कैवारी म्हणून निमाडात ज्याला मामा म्हणतात, तो १८८९ मध्ये जबलपूरला फासावर गेला. गाडी मामाला सलाम केल्याशिवाय घाटात उतरत नाही असं डब्यातले सगळेच सांगत. गाडी थांबली की भाभी पदर डोक्यावर ओढून हात जोडायच्या, आणि त्यांचं बघून आम्हीही.

ह्याच गाडीत बाईंनी आम्हाला व्याज शिकवलं. ही रेल्वे व्हावी म्हणून तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. दर साल दर शेकडा साडेचार, मुदत १०१ वर्षं. “सांगा बघू, सरळव्याजानं किती झाले?” बोगद्यात अंधार होईपर्यंत पाटीवर गुणाकार करायचा आणि उजेडात आलं की उत्तर सांगायचं. चार कोटी चोपन्न लाख पन्नास हजार. पहिलं बरोबर उत्तर देणाऱ्याला खिडकीची जागा. राजानं सरकारला उसनं दिलं म्हणून आपण चार आण्यात डोंगर उतरतो आहोत, असं बाई म्हणाल्या होत्या, आणि माझ्या धाकट्या भावानं अगदी गंभीरपणे विचारलं होतं, “मग राजाला परत कोण देणार?” बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, उत्तर दिलं नाही.

कालाकुंडला उतरलं की पळसाच्या पानांच्या द्रोणात कलाकंद. गाडी थांबली रे थांबली की टोपल्या घेऊन माणसं खिडक्यांशी यायची. तो एकच खर्च, घरटी एक द्रोण. बाकी सगळं आमच्यासोबत. नदीकाठी भाभी पुढारी. कंडे रचायचे, म्हणजे गोवऱ्या, पण वाड्यातले आम्ही सगळे कंडेच म्हणायचो. ते धगधगून राखेवर आले की त्यात बाट्या पुरायच्या. जाडं पीठ, थोडा ओवा, तुपाचं मोहन. शेजारी दोन वांगी भाजायला. डाळ घरून शिजवून झाकणाच्या डब्यात आणलेली, ती तिथं नुसती तापवायची. तूप ही त्यातली महाग वस्तू. प्रत्येक घरानं एक वाटी तूप आणायचं आणि ते सगळं एका पातेल्यात ओतायचं. कुणाची वाटी भरलेली, कुणाची तळाशी. एकदा पातेल्यात गेलं की ते तूप सगळ्यांचं. फोडलेली बाटी त्यात बुडवून भाभी आधी पोरांच्या पानात टाकायच्या. त्या चवीचं मी काय सांगू. मी त्यानंतर चांगल्या ठिकाणी पुष्कळ जेवले आहे.

पातालपाणीचा धबधबा मात्र बाई लांबून दाखवायच्या. सुमारे तीनशे फुटांवरून पाणी पडतं, खाली कुंड आहे, लोक त्या पाण्यात उतरत. आमच्यातल्या एकालाही बाईंनी कधी पाय बुडवू दिला नाही. “वर महूकडे पाऊस पडला तर इथं कळत नाही,” एवढंच कारण. आम्हाला राग यायचा. २०११ च्या पावसाळ्यात त्याच ठिकाणी वरून अचानक लोंढा आला आणि दगडांवर उभी असलेली माणसं बघता बघता वाहून गेली. ती दृश्यं टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवत होते. मी माझ्या मुलीला जवळ ओढून बसले होते. बाई तेव्हा नव्हत्या. वाड्यातले आम्ही आता गावभर विखुरलेलो, पण त्या संध्याकाळी आम्हा तिघी-चौघींचे एकमेकींना फोन झाले आणि कुणीच फार बोललं नाही.

आता पिशवीचं सांगते.

मी पाचवीत होते त्या हिवाळ्यात बाबांची मिल बंद झाली. बाबा तिथं फिटर होते. आधी पगार लांबला, मग अर्धा मिळाला, मग दाराला टाळं. मिलच्या भोंग्यावर आमच्या घरातलं घड्याळ चालायचं. भोंगा थांबला तरी बाबा त्याच वेळेला उठून, अंघोळ करून, खुर्चीवर बसून राहायचे. त्यांनी ओट्यावर बसणं सोडलं. नळावर पाणी भरायला ते सगळ्यांच्या आधी, अंधारात जायचे. चोरी केलेल्या माणसासारखं वागणं होतं ते, आणि चोरी तर त्यांची झाली होती.

शनिवारी पिशवी यायची. माझी पाळी होती तेव्हा मी आईच्या मुठीकडे पाहिलं. ती घट्ट मिटलेली होती, नेहमीपेक्षा जास्त घट्ट. पिशवीत हात गेला आणि काही वाजलं नाही. आई माझ्याकडे बघत नव्हती. मी पिशवी घेऊन पुढच्या दाराशी गेले आणि ती मुद्दाम हलवत गेले, आतले आधीचे पैसे वाजावेत म्हणून. असे तीन महिने गेले. बाई महिन्याच्या शेवटी पैसे मोजत होत्या. कमी भरत होते ते त्यांना कळत असणारच, आणि कुणाचे तेही. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. माघात ठरलेली लालबाग राजवाड्याची सहलही झाली. आम्ही गेलो नाही. आईनं माझ्या भावाला ताप असल्याचं सांगितलं. त्या पानावर शेवटच्या रकान्यात आमच्या घराचं नाव आहे. बाईंनी कारण लिहिलेलं नाही. त्या ते कधीच लिहीत नसत.

त्या रकान्याचा नियम असा होता: जो राहिला, त्यानं पुढची जागा सांगायची. पुढच्या सहलीची जागा ठरलेली असली तरी ती बदलायची. कुणी आजारी पडून राहिलं, कुणाचा पेपर होता, कुणाकडे सुतक होतं. त्याचं मन खट्टू होऊ नये म्हणून बाईंनी हे काढलेलं. पाडव्याला वही उघडली तेव्हा बाईंनी आईकडे पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही राहिला होतात ना? मग बोल. कुठं जायचं?” बाई आईला सूनबाई म्हणायच्या नाहीत, नावानं हाक मारायच्या, लेकीला मारावी तशी. आई गप्प. मग खाली बघून म्हणाली, “जवळच कुठंतरी. पायी जाता येईल असं.”

बाईंनी पेन्सिल उचलली आणि ते पूर्ण वर्ष लिहून काढलं. मोठ्यानं वाचत वाचत. चैत्रात बडा गणपती, पंचवीस फुटांचा, १९०१ मधला, आणि तिथून काचमंदिर. सर हुकुमचंदांनी बांधलेलं, भिंती, छत, खांब, सगळं काचेचं, एका दिव्याचे हजार दिवे करणारं. वैशाखात रात्रीचं जेवण गच्चीवर, पूर्ण वाड्याचं, माळव्याची रात्र कशाला म्हणतात ते पोरांना कळायला. ज्येष्ठात खजरान्याचा गणपती, पहाटे निघून पायी. आषाढात पिपल्यापाल्याच्या तळ्याकाठी भिजायचं. श्रावणात कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, आणि तिथंच बसून अहिल्याबाईंची गोष्ट. भाद्रपदात अनंत चतुर्दशीच्या झांक्या. कोजागिरीचं दूध ओट्यावर. कार्तिकात आवळीभोजन, संक्रांतीला गिल्लीदांडू, कारण माळव्यात संक्रांत म्हणजे आधी गिल्लीदांडू आणि मग तिळगूळ. शेवटी रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्याजवळच्या एका ओळखीच्या माडीवरून.

त्या यादीत बसभाडं नव्हतं. तिकीट नव्हतं. कालाकुंडही नव्हतं. दर वर्षी कालाकुंडवर उड्या मारणारी पोरं होती वाड्यात, पण त्यातल्या एकानंही “यंदा गाडी नाही?” असं विचारलं नाही. त्यांना घरी सांगून ठेवलं होतं, की डोळ्यांनी गप्प केलं होतं, मला माहीत नाही. सिंधी काकांना चार पैसे जास्त मिळत. त्यांना काय अडचण होती? त्यांची दोन मुलंही त्या वर्षी आमच्याबरोबर पायीच खजरान्याला आली. बाईंनी आमच्या नावचे पैसे स्वतः भरले असते तर मला ते कळलं असतं आणि मी कदाचित मनात कुठेतरी ते ओझं घेऊन मोठी झाले असते. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी सात घरांचं एक पूर्ण वर्ष आमच्या घराच्या ऐपतीइतकं केलं, आणि सात घरांनी ते करू दिलं. पिशवी त्या वर्षीही फिरायची. आठ आण्यांची का होईना, आईची मूठ पुन्हा वाजू लागली, कारण आता तेवढ्यात भागत होतं.

खर्च कमी करणं सोपं असतं. बिचारेपणा येऊ न देता खर्च कमी करणं फार अवघड, हे मला घर चालवायला लागल्यावर कळलं.

अनंत चतुर्दशी. इंदूरबाहेरच्यांना ही रात्र सांगून समजत नाही. गिरण्यांच्या कामगारांनी केलेले गणपतीचे देखावे, मोठमोठ्या गाड्यांवर, हजारो दिव्यांनी मढवलेले, हलणारे, बोलणारे. संध्याकाळी निघालेली मिरवणूक पहाटेपर्यंत चालते, पुढे आखाड्यांचे पट्टे-बनेटीवाले. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, भंडारी, एकेका मिलचं नाव पुकारलं जातं आणि लोक माना उंचावतात. ही परंपरा गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात सुरू झालेली. मिली एकामागून एक बंद पडल्या, तरी कामगारांनी झांक्या बंद पडू दिल्या नाहीत. वर्गणी काढून, उधारी करून, टाळं लागलेल्या मिलच्या नावानं त्यांनी त्या काढल्या.

त्या वर्षी बाबा दीड महिना रात्री घरी नव्हते. बिनपगारी काम. लाकडाचा सांगाडा, ताग, कागद, रंग आणि आत जुन्या मोटारी, पट्टे, दातेरी चाकं. हत्तीची मान वळवायची असेल तर तिथं फिटरच लागतो. घरी ते त्याबद्दल काही बोलले नव्हते. आम्हाला वाटायचं ते नुसते तिथं बसायला जातात. हे बाईंना ठाऊक होतं. कसं, ते मी पुढे विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

संध्याकाळी सातलाच आम्ही जेल रोडवरच्या एका ओट्यावर जागा धरली. वहीत लिहिलंय: माणसं २६, खर्च नाही, थर्मास २, सतरंज्या ४. लहान पोरांना आधी झोपवून घ्यायचं आणि झांकी आली की उठवायचं, अशी वाटणी. एकेक मिल जात होती. मध्यरात्र उलटली. दीडच्या सुमारास बाबांच्या मिलचं नाव आलं. दिवे पूर्वीपेक्षा कमी होते, हे मलाही कळलं. रस्त्यावर झुकलेल्या तारा बांबूनं वर उचलून धरणारी माणसं झांकीच्या पुढे चालत होती. त्यात बाबा. घामानं भिजलेले, डोक्याला रुमाल, नजर वर तारांकडे.

बाई उभ्या राहिल्या. आम्हा सगळ्या पोरांना त्यांनी पुढे ओढलं आणि त्यांच्या वर्गातल्या, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाल्या, “तो हत्ती मान हलवतोय ना, नीट बघा. ती मान हिच्या बाबांनी हलवलीय.”

बाबांनी आवाज ओळखला. खाली पाहिलं. अख्खा वाडा ओट्यावर उभा, सिंधी काका, भाभी, आजी, पोरं. आठ महिन्यांत ते ह्या लोकांसमोर उजेडात आले नव्हते. त्यांचे दोन्ही हात बांबूला अडकलेले होते, म्हणून त्यांनी फक्त मान लववली. बाईंनीही तशीच लववली. झांकी पुढे सरकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा ओट्यावर येऊन बसले. पुढे त्यांना एका वर्कशॉपात काम मिळालं, पगार मिलच्या निम्मा, पण दर महिन्याचा. पुढच्या पाडव्याला श्रावणाच्या रकान्यात पुन्हा कालाकुंड आलं.

माझ्या संसारात मी हीच पद्धत ठेवली. पाडव्याला दोन्ही कॅलेंडरं, दहा जागा, एका सहलीत एकच खर्च. माघात सिरपूरचं तळं, सकाळी लवकर, घरचे पोहे घेऊन. होळकरांच्या काळातलं हे तळं आणि यशवंतसागर २०२२ मध्ये रामसरच्या यादीत गेले तेव्हा बाईंना सांगावंसं वाटलं. यशवंतसागरला सारस बघायला जायचं त्यांच्या वहीत दोनदा लिहिलेलं आहे आणि दोन्ही वेळा खोडलेलं आहे. बस थेट जात नव्हती. पातालपाणी-कालाकुंडच्या घाटातून २०१८ च्या नाताळापासून हेरिटेज गाडी सुरू झाली, मोठ्या काचांची. बाबांना घेऊन गेलो. त्यांनी बोगदे मोजले, चारही, आणि माझ्या मुलीला विचारलं, “एक कोटीचं साडेचार टक्क्यानं किती?” आमच्या इमारतीतली तीन घरं आता माझ्याबरोबर येतात. पाचवा रकाना मी आखते. पिशवी मात्र मला जमली नाही. मोबाइलवर पैसे पाठवले जातात, त्यात मूठ बंद करता येत नाही. मी अजून त्यावर तोड शोधते आहे.

बाईंच्या वहीतल्या त्या पायी फिरलेल्या वर्षाच्या पानांवर मी पुष्कळदा बोट फिरवते. पाडवा ते पाडवा, दहा सहली. पाचवा रकाना वरून खालपर्यंत कोरा आहे.

वहीतलं बाईंच्या अक्षरातलं शेवटचं पान मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असतानाचं. श्रावण, कालाकुंड, माणसं १९. आषाढात बाई मोरीत घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. आम्ही जाणार नाही म्हणत होतो, त्यांनी जायला लावलं. परत आलो तेव्हा त्यांना द्रोणातला कलाकंद दिला आणि वही पुढे केली. पडल्या पडल्या त्यांनी खर्च विचारून लिहिला आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: ‘मी’.

नियमाप्रमाणे पुढची जागा त्यांनी सांगायची होती. “जेल रोड,” त्या म्हणाल्या.

त्याखालची ओळ माझ्या अक्षरातली आहे. अनंत चतुर्दशी, माणसं २१, रिक्षा जाऊन-येऊन. बाईंची वेताची खुर्ची रिक्षात मावेना. बाबांनी ती डोक्यावर घेतली आणि ते पायी पुढे निघाले.